इंजिनाची फुसफुस



गेल्या श्रावणात आमच्या जुन्या मोटारीस एक नवी खोड जडली. उभ्या जागी इंजिन चालू ठेवले की बॉनेटखालून बारीक ‘सूंऽऽ’ असा आवाज येई. अ‍ॅक्सिलरेटर दाबताच तो नाहीसा होई. “कुकरची रिंग सैल झाली की असाच आवाज येतो, एकदा दाखवून घ्या,” असे घरातून दोनदा सुचविण्यात आले. गाडी पळते आहे ना, मग उगाच खर्च कशाला, असे म्हणून आम्ही पंधरा दिवस काढले.

पुढे मातोश्रींना डोळ्यांच्या तपासणीसाठी भालकीहून कलबुर्गीस नेण्याचा दिवस उजाडला. (२०१४ साली नाव बदलले, तरी आमच्या घरात ते अजून गुलबर्गाच आहे.) हुमनाबादच्या अलीकडे एका उतारावर दोनतीनदा ब्रेक लावावा लागला. तेवढ्यात शेळ्यांचा कळप आडवा आला. पुन्हा ब्रेकवर पाय दिला, तो पेडल दगडासारखे घट्ट! दोन्ही पायांनी जीव खाऊन दाबले तेव्हा शेवटच्या शेळीपासून हातभर अंतरावर गाडी थांबली आणि आचके देत इंजिन बंद पडले. मागे मातोश्रींच्या हातातील जपमाळ खाली पडली होती. त्या काही बोलल्या नाहीत. आम्हीही बोललो नाही.

अगदी सावकाश, पहिल्या गिअरमध्ये, आम्ही हुमनाबाद गाठले. तेथील वृद्ध मिस्त्रींनी बॉनेट उघडून क्षणभर कान दिला आणि म्हणाले, “साब, इंजिन चोरी से हवा खा रा.”

निदान अचूक होते. पेट्रोलचे इंजिन उभ्या जागी मंद चालत असता थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली असते. दट्टे मात्र हवा ओढीतच असतात. त्यामुळे झडपेपलीकडील इनटेक मॅनिफोल्डमध्ये विरळ पोकळी होते. निरोगी इंजिनात ती पाऱ्याच्या सुमारे १६ ते २१ इंचांइतकी भरते. उंचीबरोबर ती दर हजार फुटांस साधारण एक इंच घटते. बिदरचे पठार सुमारे २२०० फूट उंच, म्हणून आपल्याकडे मापकाचा काटा दोन इंच खालीच राहणार. कुकरची वाफ फटीतून बाहेर पडते. येथे बाहेरची हवा फटीतून आत घुसते, एवढाच फरक. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की झडप उघडते, पोकळी भरून निघते आणि आवाज थांबतो. आवाजाची ही लकबच दुखण्याची खूण आहे.

ब्रेक हलका करणारा बूस्टरही ह्याच पोकळीवर चालतो. त्याच्या तोंडाशी एकतर्फी झडप असल्याने एकदोन वेळा ब्रेक लावण्यापुरती पोकळी साठून राहते. आमच्या गाडीची रबरी नळी बूस्टरकडील टोकाला उकलली होती. साठा उतारावरच संपला. अशा वेळी ब्रेक निकामी होत नाही, पण पायाला कितीतरी पट जोर द्यावा लागतो.

फट शोधण्याची मिस्त्रींची रीत वाचकांनी ध्यानी ठेवावी. १८१६ साली लेनेक ह्या फ्रेंच वैद्याने कागदाची सुरळी करून रोग्याच्या छातीचे ठोके ऐकले. मिस्त्रींनी हातभर रबरी नळी कानाशी धरून तिचे दुसरे टोक एकेका सांध्यावरून फिरविले. संशयित जागी साबणाच्या पाण्याचे थेंब टाकले. पाणी आत ओढले जाऊन आवाज क्षणभर थांबला, इंजिनाची लय सुधारली, की फट तेथेच. मग टोकाचा बोटभर तुकडा कापून चांगला भाग पुन्हा बसविला, क्लिप आवळली आणि “शहरात गेल्यावर नळी नवीच घाला” असे बजावले.

शेवटी बूस्टरची परीक्षा घेतली. इंजिन बंद ठेवून पेडल चारपाच वेळा दाबायचे, तसेच दाबून धरायचे आणि इंजिन चालू करायचे. पेडल किंचित खाली गेले तर बूस्टर ठीक. न गेले, किंवा पेडल दाबताना पायाशीच फुसफुस ऐकू आली, तर गाडी रस्त्यावर काढू नये.

काही सावधगिरीही सांगितली पाहिजे. फट शोधण्यासाठी पेट्रोल शिंपडण्याची वाईट सवय काहींना असते. तापलेल्या इंजिनावर त्याने आग लागते. पदर, उपरणे, सैल बाह्या पंख्यापासून दूर असाव्यात. फुसफुशीबरोबर वाफ दिसली तर दोष रेडिएटरचा समजावा आणि इंजिन निवाल्याखेरीज त्याचे झाकण उघडू नये. नव्या इंजेक्शनच्या गाड्यांत अशा गळतीने इंजिनाचा दिवा लागू शकतो. तो लागला तर दुर्लक्ष करू नये. डिझेल गाड्यांत बूस्टरसाठी बहुधा वेगळा पंप असतो, त्याच्या नळ्याही तपासाव्यात.

मिस्त्रींनी मागितलेली मजुरी आमच्या चहा-नाश्त्याहून कमी होती. मातोश्रींची तपासणी त्याच दिवशी पार पडली. कापलेला तो रबराचा तुकडा आम्ही गाडीतच ठेवला आहे. हल्ली मातोश्री गाडीत बसल्या की आधी कान देऊन इंजिन ऐकतात, आणि मगच दार लावून घेतात.