मोठा इंटरकूलर आणि खंबाटकीचा घाट

२०२३ च्या मे महिन्यातली गोष्ट. आईबाबांना आणि मावशीला घेऊन साताऱ्याला निघालो होतो. खंबाटकी चढताना पुढे ट्रकची ही रांग, गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, एसी फुल्ल. अर्ध्या घाटात टेंपरेचरचा काटा वर सरकायला लागला. आधी एसीची हवा गरम झाली, मग इंजिनची उष्णता खेचून घ्यायला मी चक्क हीटर लावला. भर मे महिन्यात! बाबा एक शब्द बोलले नाहीत. जागा बघून गाडी कडेला घेतली, तेव्हा मावशीने पदराने वारा घेत विचारलं, "अरे, परवाच एवढे पैसे घालून गाडी थंड करायचं काहीतरी बसवलंस ना?"

बसवलं होतं, मावशी. तेच तर दुखणं होतं.

तर झालं असं की, माझ्याकडे एक जुनी, सेकंडहँड टर्बो पेट्रोल गाडी आहे. कंपनीचा इंटरकूलर छोटासा, पुढच्या चाकाजवळ कोपऱ्यात बसवलेला. दुपारी दोन-तीन वेळा जोरात पळवली की गाडी मलूल व्हायची. त्या वर्षी बोनस झाला, आणि मी जो सापडला तो सगळ्यात मोठा इंटरकूलर बंपरमागे बसवून घेतला. डायनोवर आकडा वाढला. फोटो काढले, मित्रांना पाठवले. इंजिनिअरिंगची डिग्री घेतलेल्या माणसाने हिशोब मात्र एकही केला नव्हता. तो आज करू.

टर्बो हवा दाबतो, आणि दाबलेली हवा तापते. सायकलचा पंप मारताना त्याचं टोक गरम होतं, तसंच. बाहेर ३५ अंश असताना १ बार बूस्ट घेतला आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर टर्बोतून निघणारी हवा साधारण १३० अंशांची असते. एवढी गरम हवा सिलिंडरमध्ये गेली तर दोन तोटे. एक, हवा विरळ, म्हणजे ऑक्सिजन कमी. दोन, नॉकिंगचा धोका. मग ईसीयू टायमिंग मागे घेतो आणि गाडी मलूल होते. मधे इंटरकूलर बसवला आणि त्याने शक्य असलेल्या थंडाव्यातला ७० टक्के मिळवून दिला, तर तीच हवा ६४ अंशांच्या आसपास येते. वीसेक टक्के जास्त घनता!

मग ८० टक्केवाला का घेऊ नये? घ्या ना, पण फुकट मिळत नाही. जास्त उष्णता काढायची म्हणजे फिन्स दाट किंवा वाट लांब, आणि दोन्हींत हवेचा दाब पडतो. समजा पहिल्यात ०.१ बार पडतो आणि दुसऱ्यात ०.२. दुसऱ्यातली हवा १० अंश जास्त थंड, म्हणून घनता ३ टक्के वाढली. पण दाब १.९ बारवरून १.८ वर आला, म्हणजे ५ टक्के गेले. जास्त पैसे देऊन आपण दोन टक्के मागे! तो दाब भरून काढायला टर्बोला आणखी राबवलं तर हवा पुन्हा जास्त तापणार. म्हणून विकत घेताना नुसतं "किती थंड करतो" विचारून भागत नाही. "किती दाब खातो" हेही विचारा. माझ्या अनुभवात दुसऱ्या प्रश्नाला काउंटरवर उत्तर मिळत नाही.

आता आपल्या धंद्याच्या भाषेत. इंटरकूलरची दोन कामं असतात: थ्रुपुट आणि बफर. थ्रुपुट म्हणजे समोरून येणाऱ्या वाऱ्याला सतत किती उष्णता देता येते. बफर म्हणजे वारा नसला तरी धातू स्वतः किती उष्णता पोटात घेतो. दीडशे बीएचपीच्या आसपासच्या गाडीत पूर्ण जोरावर साधारण ८ किलोवॅट उष्णता काढावी लागते. पाच किलो ॲल्युमिनियम २० अंशांनी तापताना ९० किलोज्यूल घेतं, म्हणजे ११ सेकंदांची सोय. हायवेवर एक ट्रक ओव्हरटेक करायला किती वेळ लागतो? तेवढाच!

त्यावरून डिझाइन ठरतं. बार अँड प्लेट कोअर जड असतो, म्हणजे बफर मोठा. ट्यूब अँड फिन हलका. बफर लहान, पण वारा लागला की पटकन थंड होतो आणि बाहेरचा वारा सहसा आरपार जाऊ देतो. सुबारू डब्ल्यूआरएक्समध्ये इंटरकूलर इंजिनच्या वर असतो आणि बॉनेटवरच्या त्या प्रसिद्ध नाकपुडीतून त्याला वारा मिळतो. पाइप आखूड म्हणून प्रतिसाद चटकन, पण सिग्नलला उभं राहिलं की खालच्या इंजिनची सगळी धग त्यालाच. आपल्या चाकणला बनणाऱ्या टायगुन, व्हर्टसच्या १.० टीएसआय इंजिनात हवा पाण्याने थंड होते, आणि ते यंत्र थेट इनटेक मॅनिफोल्डमध्ये बसवलंय. चार लिटर पाणी २० अंशांनी तापायला अशा गाडीत चाळीसेक सेकंद लागतील, म्हणजे बफर चौपट. पण पंप, पाइप, वेगळा छोटा रेडिएटर हा सगळा संसार सांभाळायचा. आणि पाणी एकदा तापलं की निवायलाही तेवढाच वेळ खातं.

यात सगळ्यात भारी कुठलंच नाही. प्रश्न एवढाच, तुम्ही बूस्ट कधी आणि किती वेळ वापरता?

खंबाटकीनंतर मी हा प्रश्न स्वतःला विचारला. एक स्वस्तातला ओबीडी डाँगल घेतला, जुना छोटा इंटरकूलर परत बसवला आणि दोन आठवडे इनटेक टेंपरेचरचा लॉग काढला. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये आकडा ६० च्या वर. बघून घाबरायला होतं, पण तिथे बूस्ट असतोच कुठे? बायपासला मोकळा रस्ता मिळाला की आकडा खाली यायचा, फक्त फार रमतगमत. मग बंपर काढून पाहिलं. कोपऱ्यातल्या इंटरकूलरपर्यंत वारा नेणारी प्लॅस्टिकची नळीच गायब! आधीच्या मालकाने कधीतरी बंपरचं काम करून घेतलं असणार, आणि ती परत बसलीच नसणार. वारा आपला सोप्या वाटेने इंटरकूलरच्या बाजूने निघून जात होता.

नळी काही शे रुपयांत मिळाली. मलूलपणा नव्वद टक्के गेला. मोठा इंटरकूलर अर्ध्या किमतीत विकला.

घाटात काय झालं तेही आता कळतं. तो जाडजूड कोअर एसी कंडेन्सर आणि रेडिएटरच्या पुढ्यात उभा होता. वेगात असताना ठीक. पण रांगेत रांगताना पंख्याला तिन्ही थरांमधून हवा ओढावी लागत होती. डायनोवर समोर मोठा पंखा असतो, गाडी उगीच दोन-तीन वेळा रेटतात, एसी बंद असतो आणि मागे मावशी बसलेली नसते. तिथला आकडा खोटा नव्हता, पण तो माझ्या रस्त्याचा नव्हता.

माझं मत विचाराल तर क्रम असा ठेवा. आधी मोजा. मग डक्टिंग, गळके पाइप, चेपलेल्या फिन्स बघा. तरीही आकडा बूस्टमध्ये वर राहत असेल तर इंटरकूलर बदला, आणि तोही मूळ जागी बसणारा, जरा जाड, दाब कमी खाणारा. बंपरभर फ्रंट माउंट त्यांच्यासाठी, जे टर्बो बदलणार आहेत किंवा ट्रॅकवर लॅपमागून लॅप मारणार आहेत. ऑफिसात प्रोफाइल न करता कुणी कोड ऑप्टिमाइझ करायला घेतला तर आपण त्याला हसतो. बोनस हातात आला की गाडीच्या बाबतीत मात्र तेच करतो.

असो. गेल्या मे महिन्यात पुन्हा खंबाटकी चढलो, एसी लावून, न थांबता. वर पोचल्यावर बाबा म्हणाले, "आता काय नवीन बसवलंस?"

म्हटलं, "काही नाही, काढलं." :-)