मुक्या वाहनाचे ओझे

१९७२ साली 'चेतक' नावाची स्कूटर बाजारात आली. चिंचवडला लागून असलेल्या आकुर्डीच्या कारखान्यात ती तयार होत असे. महाराणा प्रतापाच्या स्वामिनिष्ठ अश्वाचे नाव तिला मिळाले होते. तो अश्व एकट्या वीराला वाहून नेई. या यांत्रिक चेतकावर मात्र पुढे उभे मूल, मध्ये वडील, मागे आई आणि तिच्या मांडीवर तान्हे बाळ, असा सारा संसार बसू लागला. आज चाकणच्या कारखान्यांतून मोटारसायकली बाहेर पडतात आणि त्याच परिसरातील रस्त्यांवर कांद्याची पोती, गॅसच्या टाक्या व दुधाचे कॅन लादलेली दुचाकी वाहने धावताना दिसतात.

'वाहन ओढते आहे ना, मग हरकत कोणती?' असे पुष्कळ जण विचारतात. परंतु ओढण्याची शक्ती वेगळी आणि थांबण्याची शक्ती वेगळी. इंजिन ओझे ओढून नेईलही. पण तोच ब्रेक तेवढ्याच जोराने दाबला, तर जड वाहन हलक्या वाहनापेक्षा अधिक अंतर पुढे जाऊन थांबते. वेग दुप्पट असेल, तर ते अंतर सुमारे चौपट होते. मागच्या बाजूस फार भार पडला, की पुढचे चाक हलके होते आणि वाहन वळवताना डगमगते. ओझे एकाच बाजूला टांगले तर तोल जातो. उंच रचले तर वळणावर ते वाहनाला आपल्याकडे ओढते. चाकात हवा कमी असेल, तर टायर तापून फुटण्याचे भय असते.

साध्या मोटारसायकलीची भारमर्यादा चालक, सहप्रवासी व सामान मिळून सुमारे १३० ते १५० किलो असते. आता हिशेब करून पाहावा. चालकाचे वजन ६५ किलो. ४० लिटरच्या दोन कॅनमधील दूध सुमारे ८२ किलो. बेरीज झाली १४७. यात रिकाम्या कॅनचे वजन अजून धरलेलेच नाही! अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण पैशाइतकीच वजनालाही लागू पडते.

भारतात १९६५ च्या नियमांनी ओझे वाहणाऱ्या जनावरांसाठी मर्यादा ठरवून दिली. गाढवाच्या पाठीवर ५० किलोंपेक्षा आणि उंटाच्या पाठीवर २५० किलोंपेक्षा अधिक ओझे लादू नये, असे त्यांत सांगितले आहे. मुक्या प्राण्याविषयीची ही दया योग्यच होय. तरीही प्राणी दमला तर निदान खाली बसतो. यंत्राला तेही जमत नाही. ते सोसत राहते आणि एके दिवशी भर रस्त्यात दगा देते. त्याची शिक्षा चालकाला तर होतेच. पण पायी चालणाऱ्या निरपराध माणसालाही होते.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे दुचाकीवर चालकाखेरीज एकाच व्यक्तीला बसवता येते. २०१९ च्या दुरुस्तीने हा नियम मोडणाऱ्यास १,००० रुपये दंड आणि तीन महिने परवान्यास मुकणे, अशी शिक्षा ठरवली. परंतु केवळ दंडाने हा प्रश्न सुटणार नाही. ओझे वाहणारा हौसेने जीव धोक्यात घालीत नाही. दुसरी खेप केली, तर पेट्रोल जळते, वेळ जातो आणि मजुरी मात्र वाढत नाही. म्हणून केवळ त्यालाच दोषी ठरवणे न्यायाचे नव्हे. ज्याचा माल आहे, त्याने दुसऱ्या खेपेचा खर्च सोसला पाहिजे किंवा तीनचाकी टेम्पो दिला पाहिजे. 'लवकर आण, एकदमच आण' असे म्हणणारा ग्राहकही या ओझ्यात आपली भर घालीत असतो.

वाहनाची माहितीपुस्तिका वाचणे, टायरमधील हवा तपासणे, ओझे दोन्ही बाजूंस सारखे व घट्ट बांधणे, ही कामे काही मिनिटांची आहेत. मात्र त्याहून महत्त्वाचा आहे तो विवेक. किती नेता येईल, एवढाच विचार शहाणा माणूस करीत नाही. किती नेऊन सुखरूप पोहोचता येईल, याचा तो विचार करतो. दोन खेपांना लागणारा वेळ भरून काढता येतो. गेलेला जीव मात्र परत येत नाही.