पत की तारण?

दीपावलीस आपण वहीपूजन करतो. पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक काढून ‘श्री’ लिहितो. त्या वहीवरच पेढीची पत उभी असते, ही आपल्या वाडवडिलांची श्रद्धा होती. हुंडीच्या काळी घराचे खरेदीखत कोणी मागत नसे. पेढीचे नाव पुरे होई.

सरकारने लहान धंद्यांसाठी जी योजना आखली, तिच्या मुळाशी हाच विचार आहे. संसदेच्या १९८९ च्या कायद्याने निर्माण झालेली भारतीय लघुउद्योग विकास बँक २ एप्रिल १९९० रोजी सुरू झाली. तिची मुख्य कचेरी लखनौस आहे. दुकानदाराचा तिच्याशी प्रत्यक्ष संबंध क्वचितच येतो, कारण ती मुख्यतः इतर बँकांना पुनर्वित्त पुरविते. २००० साली केंद्र सरकार व ही बँक यांनी मिळून पत-हमी न्यास स्थापिला. तारण नसलेल्या होतकरू माणसाचे कर्ज बुडाल्यास नुकसानीचा मोठा भाग न्यासाने सोसावा, म्हणजे शाखाधिकाऱ्यास भय उरू नये, असा त्याचा हेतू.

भय मात्र उरले आहे. सूक्ष्म व लघुउद्योगांच्या १० लाखांपर्यंतच्या कर्जास तारण घेऊ नये, असे रिझर्व्ह बँकेने २०१० सालीच बजावले. तरीही मसाल्याच्या कारखान्यासाठी ८ लाख मागावयास गेलेल्या आपल्यातील एका तरुणास शाखेत पहिला प्रश्न विचारला गेला तो हा: “घर कोणाच्या नावावर आहे?” त्याने नेलेल्या वह्या कोणी उघडल्याही नाहीत.

पण दोष एकाच बाजूचा नव्हे. खेळत्या भांडवलासाठी बँकेने वार्षिक अंदाजित उलाढालीच्या २० टक्के द्यावे, असे नायक समितीने १९९२ साली सुचविले होते. ज्याने कागदावर उलाढाल निम्मीच दाखविली, त्याच्या वाट्यास २० टक्के येणार तेही निम्म्याचेच. कर वाचविल्याच्या समाधानात हा हिशेब आपण मांडतच नाही.

आपले खरे गाऱ्हाणे निराळे आहे. २ जुलै २०२१ रोजी किरकोळ व घाऊक व्यापाऱ्यांना या वर्गात घेतले गेले, ते केवळ अग्रक्रमाच्या कर्जापुरते. २००६ च्या कायद्यान्वये लघुउद्योजकाचे येणे ४५ दिवसांत चुकते व्हावे लागते; ते संरक्षण व्यापाऱ्यास दिले नाही. उधारीवर माल देऊन महिनोन्‌महिने वाट पाहणाऱ्या आपल्या बंधूंना यातून का वगळावे? संघाने याविषयी दिल्लीस निवेदन अवश्य धाडावे. मात्र त्यावर कोणी “वह्या पाहू” म्हणाले, तर त्या निःशंक मनाने पुढे करता येतील, एवढी तयारी प्रत्येक सभासदाने तत्पूर्वी करावी.