सौर पंपाची पेटी व वैशाखाचें ऊन

सौर पंप घेतांना आपण पत्रे मोजतों, अश्वशक्ति विचारतों. खांबावर टांगलेल्या पेटीकडे मात्र सहसा कोणी पाहात नाहीं. माझ्या मतें पहिली चौकशी तिचीच झाली पाहिजे.

पत्र्यांवर ऊन पडून निघणारी वीज एकाच दिशेनें वाहते. विहिरींतील मोटारीस बहुधा तीन फेजची उलटसुलट वाहणारी वीज लागते. हा पालट कंट्रोलर नांवाची ही पेटी करते. विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, आणि प्रवाह यांचा गुणाकार जेथें सर्वांत मोठा येतो, तो बिंदु ती क्षणोक्षणीं शोधते. ऊन मंद असल्यास मोटार सावकाश फिरवते. ढग येतांच मोटार बंद न पडतां पाण्याची धार बारीक होते, ती या पेटीच्या हुशारीमुळें. पण तापलेल्या कचेरींत हुशार कारकुनालाहि काम सुचत नाहीं, हें मीं अनुभवानें सांगतों.

पत्र्यांची शक्ति २५ अंश तपमानावर मोजलेली असते. त्यापुढें दर अंशास शेंकडा सुमारें एक तृतीयांश घटते. आपल्या वाशीम जिल्ह्यांत वैशाखीं हवाच चाळिशीपार जाते, पत्रा तर त्याहूनहि पुष्कळ तापतो. हा तोटा अटळ आहे. पेटीचा तसा नाहीं. तिच्यांत वापरल्या जाणाऱ्या एका जातीच्या कपॅसिटरांचें आयुष्य दर १० अंश वाढीव उष्णतेस सुमारें निम्मे होतें. आणि मर्यादेबाहेर तापल्यास पेटी आत्मरक्षणार्थ शक्ति कमी करते किंवा थांबते.

माझ्या शेतांत असेंच झालें. उन्हाळी भुईमुगाच्या शेंगा भरण्याच्या वेळीं पंप दुपारीं दीडच्या सुमारास थांबे व साडेचारला आपोआप सुरू होई. विहिरींत पाणी होतें. पुरवठादाराच्या माणसानें पत्रे धुण्यास सांगितलें. धुतले, फरक नाहीं. शेजाऱ्याच्या सल्ल्यानें पेटीवर गोणपाट टाकलें, तेव्हां वाराच कोंडला व पंप आणखी लवकर थांबूं लागला. अखेर जुन्या संवयीनें वहींत रोजच्या वेळा टिपल्या. निरभ्र दिवशींच बंद! पेटी पश्चिमेच्या खांबावर, भर उन्हांत होती. तंत्रज्ञाकडून ती पत्र्यांच्या सांवलींत, चोहोंकडून वारा लागेल अशी बसवून घेतली, आणि खंड पडणें थांबलें. तोंवर शेंगा पोचट राहिल्या होत्या.

‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ ही राज्याची योजना २०२४ पासूनची. तींत शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के, अनुसूचित जाति-जमातींस ५ टक्के. पुरवठादार यादींतून आपणच निवडावयाचा असतो. निवडण्यापूर्वीं लेखी विचारावें: किती अंशांपर्यंत ही पेटी पूर्ण शक्ति देते? कित्येक यंत्रें ४०–४५ अंशांपुढें हात आखडतात. थंड पहांटे पत्र्यांचा दाब वाढतो, तोहि तिला सोसतो काय? ती कोठें बसविणार? पांच वर्षें दुरुस्तीची हमी आहे असें कोणी म्हणेल. हमीनें नवी पेटी मिळेल. चुकलेली पाण्याची पाळी कोण देईल?

धाकट्या बंधूच्या अर्जाकरितां मीं हे प्रश्न दोन पुरवठादारांस लिहून पाठविले. एकाचें उत्तर आंकड्यांसह आलें. दुसऱ्यानें पत्र्यांचें रंगीत चित्र धाडलें आहे.