गाण्याची वही आणि दुकानाची वही

कोल्हापूरच्या दक्षिणेस, गारगोटी रस्त्यावरील कळंब्यात शहराची नवी वस्ती झपाट्याने वाढली आहे. तलावाच्या काठी फेरफटका मारून आलेली मंडळी सायंकाळी एखाद्याच्या दिवाणखान्यात जमतात. कुणी पेटी पुढे ओढतो, कुणी तबला जुळवतो, कुणी मोबाईलवर कराओकेचा ट्रॅक लावतो. दिवसभर गल्ल्यावर बसलेला व्यापारी, निवृत्त शिक्षिका आणि शाळकरी नात घटकाभर एका सुरात येतात.

करवीरनगरीला हा छंद नवा नाही. गायन समाज देवल क्लबची परंपरा १८८३ पासूनची आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने उस्ताद अल्लादियाखाँसाहेब येथे राहिले आणि सामान्य नागरिकाच्या कानालाही सुराची पारख आली. हौशी मंडळांचा हा वारसा जपण्याजोगाच आहे.

पूर्वी अशा मंडळाच्या सभासदांची नोंद एका वहीत होई आणि ती वही चिटणिसाच्या कपाटात राही. आता ती नोंद मोबाईलवरील अर्जात होते. संपूर्ण नाव, पत्ता, जन्मतारीख, लग्नाचा वाढदिवस, छायाचित्र हे सारे निःशंकपणे भरले जाते. गटात दोनशे जण असतील, तर ती वही दोनशे खिशांत जाते. कुणाच्या वाढदिवसाला वयासह शुभेच्छा झळकल्या की जन्मवर्षही उघड होते.

व्यापारी कुटुंबासाठी ही बाब अधिक गंभीर आहे. जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्रासाठी २७. पुढील दहा अक्षरे म्हणजे नोंदणीधारकाचा पॅन. हा क्रमांक बिलावर छापावाच लागतो. म्हणजे एकट्याच्या मालकीच्या दुकानाच्या मालकाचा पॅन रोज गिऱ्हाइकाच्या पिशवीतून बाहेर जातो. प्राप्तिकर खात्याच्या वार्षिक माहिती विवरणाची प्रत पॅन आणि जन्मतारीख एकत्र लिहिली की उघडते. ई-आधारची प्रत नावाची पहिली चार अक्षरे आणि जन्मवर्ष यांनी उघडते. बिलाने निम्मी किल्ली दिली असेल, तर उरलेली निम्मी गाण्याचा गट देतो. अशी प्रत भामट्याच्या हाती पडलीच, तर तिचे कुलूप त्याला अडवू शकत नाही. प्रत नसली, तरी पॅन आणि जन्मतारीख अचूक सांगणारा माणूस बँकेचाच वाटतो आणि भोळा माणूस त्याला ओटीपी सांगून मोकळा होतो.

गाण्याच्या काही ॲपना संपर्कयादी पाहण्याची परवानगी हवी असते. त्या यादीत अडते, गिऱ्हाइके, लेकी-सुना असतात; त्यांना कुणी विचारलेले नसते. शिवाय ध्वनिमुद्रणातील आवाजावरून आता हुबेहूब नकली आवाज तयार करता येतो. मुलाच्या आवाजात पैशांची निकड सांगणारा फोन आला, तर तो ठेवून मुलाच्या नेहमीच्या क्रमांकावर स्वतः फोन करणे, ही रीत घरात सर्वांनाच ठाऊक हवी.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. ठरलेल्या हेतूला आवश्यक तेवढ्याच माहितीसाठी संमती, ती मागे घेण्याचा हक्क आणि अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची पडताळलेली संमती, ही त्याची मुख्य सूत्रे आहेत. मात्र एखाद्याने घरगुती कारणासाठी केलेला माहितीचा वापर त्याच्या कक्षेबाहेर आहे. ज्याने आपली माहिती स्वतःच जगजाहीर केली, त्या माहितीलाही हा कायदा लागू होत नाही. म्हणून मित्रमंडळींच्या गटात पहिले रक्षण स्वतःच्या विवेकाचे.

उपाय अवघड नाहीत. मंडळाने नाव आणि एक संपर्क क्रमांक एवढेच मागावे. शुभेच्छांसाठी दिवस आणि महिना पुरे, वर्ष नको. बँकेशी जोडलेला क्रमांक वेगळा ठेवता आला तर उत्तम. मुलांचे गाणे घरच्या माणसांपुरतेच ठेवावे. मंडळ सोडणाऱ्याची नोंद पुसून टाकावी. फसवणूक झालीच, तर संकोच न करता तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणे कठीण.

गरजेपलीकडे संग्रह करू नये, हे अपरिग्रहाचे तत्त्व घराघरांत शिकवले जाते. इतरांच्या माहितीचा संग्रहही त्यातच मोडतो. जी नोंद ठेवलीच नाही, ती चोरीलाही जात नाही. दुकानाची वही कोणी चव्हाट्यावर उघडून ठेवत नाही. गाण्याच्या वहीलाही तोच नियम लावावा आणि मग मोकळ्या मनाने सूर लावावा.