बंडखोराची मते कुठे जातात?

उमेदवारीच्या भांडणानंतर मतदार पक्षाकडे परततात का, याचे दोन उलट दाखले मीरा-भाईंदरने पाच वर्षांच्या अंतराने दिले. 2019 च्या विधानसभेला भाजपने नरेंद्र मेहता यांना उमेदवारी दिली. पक्षाच्याच माजी महापौर गीता जैन अपक्ष उभ्या राहिल्या आणि सुमारे 15 हजार मतांनी जिंकल्या. 2024 ला जोडी तीच, निकाल मात्र उलटा. मेहता काँग्रेसच्या मुझफ्फर हुसेन यांच्यावर 60 हजारांहून अधिक मतांनी विजयी झाले, तर विद्यमान आमदार असलेल्या जैन तिसऱ्या क्रमांकावर गेल्या.

मतदार निष्ठावान झाला, असा अर्थ पक्षाने लगेच काढू नये. 2019 ला भाजप-शिवसेना युतीची सत्ता येणारच, असे वातावरण होते. घरातला राग मतपेटीतून काढणे तेव्हा परवडत होते. लोकसभा निवडणुकीत भाजपला बसलेल्या धक्क्यानंतरच्या 2024 मध्ये ते परवडणारे नव्हते. अमेरिकेतही 2008 साली पक्षाची उमेदवारी हुकलेल्या हिलरी क्लिंटन यांचे बहुतेक नाराज समर्थक अखेर ओबामांकडेच वळले. पण तिथे उमेदवारी पक्षांतर्गत मतदानाने ठरते, त्यामुळे हरलेल्याला निदान मतमोजणी झाल्याचे समाधान असते. आपल्याकडे तिकीट दिल्ली-मुंबईच्या बंद खोलीत ठरते आणि नाराजांच्या वाट्याला महामंडळाचे गाजर येते. स्थानिक कार्यकर्त्यांचे मत उघडपणे घ्यायची पद्धत पक्षांनी आता तरी सुरू करावी.