समुद्र न पाहिलेल्यांची नारळी पौर्णिमा

श्रावणी पौर्णिमा आली की कोकणच्या किनाऱ्यावर कोळी बांधव वाजतगाजत दर्याला नारळ अर्पण करतात आणि पावसाळ्यात किनाऱ्याला लागलेल्या होड्या पुन्हा पाण्यात लोटतात. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात त्या दिवशी राखी बांधली जाते, श्रावणी होते, कुठे नारळीभात शिजतो. समुद्राची आठवण मात्र नारळापुरतीच. कळंबच्या श्रीचिंतामणीच्या छायेत आम्ही कित्येक वर्षे कीर्तनसेवा करीत आहोत. मागे एका गावी याच पौर्णिमेच्या कीर्तनानंतर एक वृद्ध माउली जवळ येऊन म्हणाली, "महाराज, समुद्र तं आमी जन्मात पाह्यला नाही. मंग हे पुनव आमची कशी?" समुद्रमंथनाचे आख्यान लावून चौदा रत्ने आम्ही रंगवून सांगितली होती, तरी उत्तर सुचले नाही. आमचा समुद्र कथेतच राहिला होता, हे त्या माउलीने अचूक ओळखले होते.

उत्तर शोधावयास दूर जाण्याचे कारण नव्हते. आपली पैनगंगा वर्धेला मिळते, वर्धा वैनगंगेला भेटून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत विसावते आणि गोदावरी आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागराला मिळते. आपल्या पऱ्हाटीच्या शेतातून वाहून गेलेले पाणी शेवटी सागरालाच जाते. आणि परत येते तेही तेथूनच. बंगालच्या उपसागरात हवेचा दाब कमी झाला की ते ढग पश्चिमेकडे सरकत विदर्भावर बरसतात. दूर पॅसिफिक महासागराचे विषुववृत्ताजवळील पाणी नेहमीपेक्षा तापले की पुष्कळदा आपला पाऊस रुसतो. शास्त्रज्ञ त्याला 'एल निनो' म्हणतात. २०२३ साली तो होता आणि त्या वर्षीचा ऑगस्ट हा १९०१ पासूनचा देशातील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. ज्या कास्तकाराची पेरणी, कर्ज आणि लेकीचे लग्न पावसावर अवलंबून आहे, त्याला समुद्र परका कसा म्हणावा?

हे ज्ञान संस्थांमधून आहे. १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था गोव्यात संशोधन करीत आहे. हैदराबादेत १९९९ साली स्थापन झालेले महासागर माहिती सेवा केंद्र उपग्रहांच्या साह्याने समुद्राचे तापमान आणि त्यातील सूक्ष्म वनस्पतींचे हरितद्रव्य पाहून, मासे कोठे मिळण्याचा संभव आहे ते मच्छीमारांना त्यांच्या भाषेत कळविते. परंतु आकडे आणि नकाशे घराच्या उंबरठ्याशी थबकतात. त्यांना आत आणावयाचे, तर आपल्या घरात आधीपासून नांदणाऱ्या वस्तूचाच हात धरावा लागेल. ती वस्तू म्हणजे तिथी.

तिथी म्हणजे सूर्य आणि चंद्र यांमधील बारा अंशांचे अंतर. बारा अंशांचा काल होतो अठ्ठेचाळीस मिनिटे, म्हणजे बरोबर दोन घटका. भरती चंद्राच्या मागे चालते, म्हणून तीही दर तिथीला सुमारे दोन घटका पुढे सरकते. कोकणात यावरून एक सोपा आडाखा चालत आला आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास. हिशेब अंदाजी खरा, परंतु घड्याळ नसलेल्या नाखव्याला तो पुरत असे. अमावास्या आणि पौर्णिमा यांच्या आसपास सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत येतात, दोघांची ओढ एकवटते आणि समुद्राला उधाण येते. अष्टमीच्या सुमारास ती ओढ काटकोनात विभागते, त्या मंद भरतीला कोळी 'भांग' म्हणतात. पाण्याच्या ओढीवर चालणारे डोल जाळे केव्हा लावावे, हे ज्ञान त्यांना पंचांग आणि पाणी यांनी मिळूनच दिले आहे.

आमच्या संस्कृत भाषेनेही ही सांगड जपली आहे. अमरकोशात 'वेला' शब्दाचे अर्थ समुद्रजलाचा चढउतार, काल आणि मर्यादा असे दिले आहेत. विष्णुपुराणाच्या दुसऱ्या अंशात म्हटले आहे की समुद्राचे पाणी वस्तुतः वाढत नाही वा घटत नाही. चंद्रासवे ते फुगते आणि ओसरते, आणि हा चढउतार ५१० अंगुळांचा असतो. अंगूळ पाऊण इंचाचे धरले तर हे सुमारे बत्तीस फूट होतात. मुंबईचे मोठे उधाण याच्या निम्म्याच्या आसपास असते. खंभातच्या आखातात मात्र एवढे अंतर खरोखर दिसते.

येथे सावधपणे बोलले पाहिजे. 'सारे विज्ञान आमच्या पोथीत होतेच' असे म्हणून टाळ्या मिळविणे सोपे आहे. पुराणाने भरतीला अग्नीवर उतू येणाऱ्या पात्रातील पाण्याची उपमा दिली. कारण मात्र गुरुत्वाकर्षण आहे, हे पुढे न्यूटनने उलगडले. पुराणकाराचे निरीक्षण वंदनीय, त्याचे कारण अपुरे: दोन्ही सांगण्यात पोथीचा अपमान नाही. उलट अर्धे सत्य सांगून श्रोत्यांना फसविणे हा व्यासपीठाचा अपमान आहे.

आमचे स्पष्ट मत आहे की हे काम कीर्तनाने उचलावे. गाडगेबाबांनी कीर्तनातून स्वच्छता घराघरांत नेली. नारदीय कीर्तनाच्या पूर्वरंगात तिथी आणि भरतीचे निरूपण करावे, उत्तररंगात मंथनाचे आख्यान लावावे, आणि मध्ये कोळ्यांचे एखादे गीत गावे; परंतु ते गाताना हे ज्ञान कोणाचे हे नाव घेऊन सांगावे. शतकानुशतके दर्याशी झुंजून ज्यांनी ते मिळविले, त्यांच्या गाण्यावर आपण नुसता ठेका धरावयाचा आणि त्यांच्या शहाणपणाला अडाणी म्हणावयाचे, हे पाप आहे. मासळीच्या विणीच्या काळात दर्यावर न जाण्याचा त्यांचा संयम पुढे सरकारने १ जून ते ३१ जुलै अशा बंदीच्या रूपाने वर्षानुवर्षे कायद्यात पाळला.

घाई करण्याचे कारणही आहे. अरबी समुद्र तापत आहे. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, पुढच्याच वर्षी मे महिन्यात 'तौक्ते' किनाऱ्याला घासून गेले. जुन्या जाणत्यांच्या खुणा आता कधीकधी चुकतात. त्यांना उपग्रहाची जोड हवी, आणि उपग्रहाला लोकांच्या जिभेवरची भाषा हवी.

ती माउली आज हयात आहे की नाही, आम्हांस ठाऊक नाही. भेटली तर सांगू: माय, पौर्णिमेला किनाऱ्यावर नारळ पडतो आणि पंधरा दिवसांनी अमावास्येला तुझ्या दारी पोळ्याची बैलजोडी उभी राहते. दोन्ही दिवशी दर्याला उधाणच असते. तू समुद्र पाहिला नाहीस, पण त्याने धाडलेल्या पाण्यावर तुझे शेत पिकले आहे. म्हणून ही पुनव तुझीही आहे.